उपज व बांधणी, प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतातील

विद्युत्-ध्वनिजनक, टेप, मिक्सर किंवा संगणक यांवर श्रोत्यांसमोर ऐनवेळी केलेले वादन (उपज) आणि त्याला आधीपासून आकार देणारी योजना (बांधणी) यांचा परस्परसंबंध. ‘उत्स्फूर्तता’ हा प्रतिशब्द अधिक रूढ असला, तरी येथे गवयांचा ‘उपज’ हाच शब्द घेतला आहे. उत्स्फूर्त काहीही असू शकते, उपज मात्र कशातून तरी उपजावी लागते.

प्रारंभ : फ्रेंच रचनाकार प्येर शेफरने पॅरिसमध्ये १९४८ साली आगगाड्या आदींचे मुद्रित ध्वनी जोडून रचना केल्या. जर्मनीतील कोलोन येथील नभोवाणीचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ १९५१ चा. दोन्हीकडे रचना मुद्रणातच पक्की होई. वादकाला तेथे कामच नव्हते. प्रत्यक्ष वादन कोठून धरावे याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक अमेरिकन रचनाकार जॉन केजच्या १९३९ मधील, फिरत्या तबकड्यांचा वेग बदलून वाजवायच्या रचनेपासून सुरुवात मानतात. ती संपूर्ण लिहिलेली होती, हे त्यांच्या ध्यानात येत नाही असे नव्हे. पण विद्युत्-उपकरण हाताने वाजवले गेले, एवढे त्यांना पुरते. दुसरा पक्ष १९६० पाशी थांबतो. त्या वर्षीच्या केजच्या एका रचनेत वादक ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये सुईऐवजी तारा, काड्या खोचून त्यांची कुरकुर ध्वनिवर्धकावर आणत. मात्र केज स्वतः याला उपज म्हणू देत नसे. वादकाची आवडनिवड आणि सवय रचनेत शिरू नये, यासाठीच त्याने अनिश्चिततेची (काय वाजेल ते आधी न ठरवण्याची) योजना केली होती. उपजेत नेमकी सवयच डोके वर काढते, असा त्याचा आक्षेप. हा भेद मानला तर लंडनचा एएमएम (१९६५) आणि रोमचा म्युझिका एलेत्रोनिका व्हिवा (१९६६) या गटांपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक ठरते. एएमएममधील कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून, शेजारी रेडिओ लावून वाजवी. जर्मन रचनाकार स्टॉकहाउझेनने १९६८ मध्ये स्वरलिपीऐवजी केवळ शब्दांतून सूचना दिल्या. त्यांवरून होणाऱ्या वादनाला तो अंतःप्रेरणेचे संगीत म्हणे.

बांधणीचे स्थान : बांधणी कागदावर असते की यंत्रात, हा या विषयाचा गाभा. अमेरिकन वादक-रचनाकार डेव्हिड ट्यूडरच्या कामात ती तारांच्या जोडणीत आढळते. मंडपात माइकने शिट्टी मारली की साउंडवाला धावत जाऊन फेडर (आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढतो. ट्यूडर, आणि पुढे मिक्सरचे आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडणारा तोशिमारू नाकामुरा, हे त्या शिट्टीलाच वाद्य मानतात. बटण केसभर फिरले तरी स्वर उडी घेतो, आणि ते मागे फिरवले म्हणून आधीचा स्वर परत येईलच असे नाही.

टेपचा विलंब अधिक सुबोध आहे. अमेरिकन रचनाकार पोलीन ऑलिव्हेरोसने १९६६ मध्ये त्याचा वापर केला. एका यंत्रावर मुद्रित होणारी टेप दूर ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रावरून नेतात. टेपचा वेग सेकंदाला १९ सेंमी. आणि दोन शीर्षांतील (टेपवर मुद्रण करणारा आणि ती वाचणारा भाग यांतील) अंतर १.९ मी. असेल, तर वाजवलेला स्वर १० सेकंदांनी परत येतो. मिनिटाला ९६ मात्रांच्या गतीत सोळा मात्रांच्या तीनतालाचे आवर्तनही १० सेकंदांचेच भरते. साम्य मोहक आहे, पण ते ताणू नये. तबलजीचा ठेका दर आवर्तनाला ताजा येतो. टेपवरून येते ते वादकाचे स्वतःचेच मागचे वाजवणे, दर फेरीला थोडे मळलेले. भलता स्वर लागून गेला, तर तो पुढच्या फेऱ्यांत हजेरी लावतोच आणि त्याला जागा करून द्यावी लागते. समेला येऊन मोकळे होण्याची सोय येथे नाही.

संगणकावर अमेरिकन ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुइसची वादकाला प्रत्युत्तर देणारी आज्ञावली (१९८७) आणि २००४ पासून संघटित झालेले, आज्ञावली श्रोत्यांसमोर लिहीत, ती पडद्यावर दाखवत चालणारे ‘लाइव्ह कोडिंग’ हे महत्त्वाचे टप्पे होत.

भारत : अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये ट्यूडरने मूग सिंथेसायझर (विद्युत्-ध्वनिजनक) बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी तेथे केलेल्या टेप २०१७ मध्ये पॉल पर्गस यांना संस्थेच्या संग्रहात सापडल्या. चरणजितसिंग यांनी रोलंड या जपानी कंपनीच्या यंत्रांवर वाजवलेल्या दहा रागांची तबकडी १९८२ च्या सुमाराची. शिकागोतील ॲसिड हाउस या नृत्यसंगीताच्या आधीची म्हणून तिचा गाजावाजा होतो. परंतु दोहोंकडे टीबी-३०३ हे रोलंडचे एकच खर्जाचे ध्वनियंत्र होते, आणि साम्याचे तेवढे कारण पुरेसे वाटते.

कोल्हापूर : शाहू महाराजांनी १८९५ मध्ये आश्रय दिलेल्या अल्लादियाखाँ यांच्यामुळे येथे जयपूर-अत्रौली गायकी रुजली. आलापासह सारी बढत आवर्तनाच्या चौकटीत, लयीला धरून करणारी ही गायकी असल्याने, उपज म्हणजे बंधनाचा अभाव हा समज येथील जाणकारांत सहसा आढळत नाही. यंत्राने घातलेली बांधणीही त्यांना नवी नाही : मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीने ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत बसवला होता, आणि खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत गेलेली भैरवी त्याच मापाची आहे. गोविंदराव टेंब्यांची हार्मोनियम मैफली गाजवत असतानाच, पट्टीत बांधलेल्या स्वरांतून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) कशी काढणार हा वाद चालू होता. आकाशवाणीवर तर १९४० ते १९७१ या पेटीला बंदीच होती.

मिरवणुकीतील बेंजो, कीबोर्ड आणि पॅड यांच्या वादनात उपज भरपूर असते. ती नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहून केली जाते. ते पाय थांबले की चाल तिथल्या तिथे बदलते.