आयर्लंडची वंशावळ, कानाच्या हाडात

आयर्लंडच्या उत्तर टोकाला रॅथलिन नावाचं छोटं बेट आहे. 2006 साली तिथल्या एका पबच्या मागे गाड्या जायला वाट हवी म्हणून जमीन सपाट करणं चाललं होतं. दगडाची एक मोठी लादी निघाली, आणि लादीखाली माणसांची हाडं. हाडं निघाली तब्बल साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीची. त्यातल्या तीन पुरुषांच्या डीएनएचं वाचन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये झालं आणि 2015 च्या अखेरीस निकाल प्रसिद्ध झाला: हे तिघं आजच्या आयरिश, स्कॉटिश आणि वेल्श लोकांचे अगदी जवळचे नातलग निघाले.

यात विशेष काय, असं वाटेल. आयर्लंडमध्ये पुरलेला माणूस आयरिश नसणार तर कोण असणार? पण शाळेतल्या इतिहासाला हे परवडणारं नव्हतं. आयरिश लोक म्हणजे केल्ट, आणि हे केल्ट इ.स.पू. 500 च्या आसपास मध्य युरोपातून लोखंडी तलवारी आणि स्वतःची भाषा घेऊन बेटावर उतरले, अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. पाठ्यपुस्तकांत, राष्ट्रवादी भाषणांत, आणि आता पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या चांदीच्या लॉकेटांवरही तीच गोष्ट. रॅथलिनचे तिघं मात्र या केल्टांच्या हजार ते दीड हजार वर्षं आधीच मरून गेलेले. म्हणजे ‘आयरिश’ रक्त आधी, केल्ट मागाहून? मला विचाराल तर गेल्या दहा-बारा वर्षांत आयर्लंडच्या इतिहासाला बसलेला सर्वांत मोठा धक्का हाच.

हे कळलं कसं, तर एका हाडामुळे. माणसाच्या कवटीत अंतर्कर्णाभोवती एक गाठीसारखा भाग असतो. शरीरातलं सर्वांत घट्ट हाड ते हेच. बरगडी किंवा मांडीचं हाड जमिनीत पडलं की ओल आणि जिवाणू आत शिरतात आणि डीएनएचा चुरा करतात. कानाच्या या हाडात त्यांचा शिरकाव फार कमी होतो. या भागात इतर हाडांपेक्षा कितीतरी पटींनी, कधी कधी शंभरपट, जास्त डीएनए टिकतो, हे रॉन पिन्हासी यांच्या डब्लिनमधल्याच चमूने दाखवून दिलं. मग काम असं चालतं: अंगभर पांढरा सूट, मास्क, दुहेरी हातमोजे, कारण संशोधकाच्या शिंकेतला एक थेंब चार हजार वर्षांच्या पुराव्यावर पाणी फिरवू शकतो. हाडाचा लहानसा तुकडा कापायचा, त्याची पिठासारखी पूड करायची, रसायनांनी डीएनए सोडवून घ्यायचा. डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो; मिळतात ते तुकडे जेमतेम काही डझन अक्षरांचे. ते संगणकावर जुळवत बसायचं. आर्द्र हवेच्या आयर्लंडमध्ये हे साधेल असं आधी फारसं कुणाला वाटत नव्हतं.

रॅथलिनच्या तिघांसोबत त्याच अभ्यासात एक बाईही होती. बेलफास्टजवळ बॅलिनाहॅटी इथे 1855 मध्ये सापडलेली, सुमारे 5,200 वर्षांपूर्वीची शेतकरीण. काळे केस, तपकिरी डोळे. आजच्या जगात तिच्याशी सर्वांत जास्त जुळणारी माणसं आयर्लंडमध्ये नाहीत, दक्षिण युरोपात आहेत, त्यातही सार्डिनिया बेटावर. तिचे पूर्वज शेतीची विद्या घेऊन आजच्या तुर्कस्तानाच्या बाजूने निघाले आणि भूमध्य समुद्राच्या कडेकडेने पिढ्या ओलांडत इथवर पोचले. तिची आणि रॅथलिनच्या तिघांची गावं एकमेकांपासून शंभर किलोमीटरही दूर नाहीत. दोघांच्यात अंतर हजार-दीड हजार वर्षांचं, पण लोक निराळे.

आणि या शेतकऱ्यांच्याही आधी कुणीतरी होतंच. काउंटी क्लेअरमधल्या एका गुहेत 1903 साली अस्वलाच्या गुडघ्याची वाटी सापडली होती. ती शंभर वर्षं संग्रहालयाच्या खोक्यात पडून राहिली. तिच्यावरचे व्रण दगडी हत्याराचे आहेत आणि ती साडेबारा हजार वर्षांपूर्वीची आहे, हे 2016 मध्ये जाहीर झालं, आणि आयर्लंडमधल्या माणसाचा इतिहास एका फटक्यात अडीच हजार वर्षं मागे गेला. पुढच्या काळातल्या शिकाऱ्यांचा डीएनएही मिळाला आहे. त्यांची त्वचा सावळी आणि डोळे निळे असावेत, असं तो सांगतो. गोरा, तांबूस केसांचा, ठिपकेदार गालांचा आयरिश माणूस डोळ्यांपुढे आणणाऱ्यांना हे जड जातं.

शेतकऱ्यांनी मागे ठेवलेल्या गोष्टींत सर्वांत थोर म्हणजे न्यूग्रेंज. डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीच्या काठी, सुमारे 85 मीटर व्यासाची दगड-मातीची टेकडी. बांधली इ.स.पू. 3200 च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही आधी. आत 19 मीटरांचा अरुंद बोळ आणि शेवटी दगडी दालन. दाराच्या वर दगडांनीच केलेला एक झरोका आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागे काही पहाटे सूर्य उगवताना त्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप आत शिरते, बोळातून सरकत दालनाच्या जमिनीवर येते, रुंदावते आणि साधारण 17 मिनिटांनी निघून जाते. आसपासच्या गावांत अशी काहीतरी आख्यायिका होती. उत्खनन करणारे मायकेल ओ’केली 21 डिसेंबर 1967 ला पहाटे एकटेच आत जाऊन बसले आणि ती तिरीप त्यांनी स्वतः पाहिली. आता त्या पहाटेसाठी सोडत काढतात, आणि ढग आले की नशीबवानांचंही नशीब फुटतं.

या दालनात पुरलेल्या एका पुरुषाच्या कानाच्या हाडाने 2020 मध्ये खळबळ उडवली. लारा कॅसिडी आणि डॅनियल ब्रॅडली यांनी त्याचा जनुकसंच वाचला, तेव्हा आईकडून आलेला आणि बापाकडून आलेला धागा जवळपास चौथ्या हिश्शात हुबेहूब सारखा निघाला. याचा अर्थ एकच होतो: त्याचे आईबाप सख्खे भाऊ-बहीण होते, किंवा एक पालक आणि दुसरं त्याचंच अपत्य. असा संबंध जवळजवळ प्रत्येक समाजात निषिद्ध. उघड मान्यता मिळालेली उदाहरणं आहेत ती देवत्व मिरवणाऱ्या राजघराण्यांची, इजिप्तच्या फॅरोंची किंवा पेरूच्या इंकांची. शिवाय या माणसाचे दूरचे नातलग दीडशे किलोमीटरवर, स्लायगोमधल्या कॅरोमोर आणि कॅरोकीलच्या थडग्यांत सापडले. त्यावरून संशोधकांनी तर्क केला की न्यूग्रेंजमागे सूर्याला आवरू शकतो असं सांगणारा एक राजवंश असावा.

भर म्हणून एक लोककथा पुढे आली. मध्ययुगीन आयरिश हस्तलिखितांत न्यूग्रेंजच्या शेजारच्या डाउथ टेकडीची कथा आहे. गुरांवर मरी येते, राजा आकाशाला भिडणारा मनोरा बांधायला घेतो, पण मजूर मिळणार फक्त एका दिवसासाठी. त्याची बहीण मंत्राने सूर्य जागीच थांबवते. राजा तिच्याशीच संग करतो, मंत्र तुटतो, अंधार पडतो, मनोरा अर्धवट राहतो. बांधकाम, सूर्य, भावा-बहिणीचा संबंध, सगळं जुळतंय. चार हजार वर्षं लोकांनी आठवण जपली म्हणायची?

मला हे पचत नाही. मधल्या काळात बेटावरची माणसं बदलली, बहुधा भाषाही बदलली. अर्धवट दिसणारी टेकडी पाहून कथा रचायला कथेकऱ्याला जुन्या आठवणीची गरज लागत नाही. राजवंशाच्या तर्कावरही अलीकडे पुरातत्त्वज्ञांनी बोट ठेवलं आहे: अशा संबंधातून जन्मलेला माणूस सापडला तो एकच, त्या एका हाडावर सिंहासन कसं उभारणार? त्याच अभ्यासातली एक दुसरी नोंद मला जास्त बोलकी वाटते. पूलनाब्रोनच्या दगडी थडग्यात सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं एक तान्हं बाळ होतं. त्याला डाउन सिंड्रोम होता आणि आईचं दूध त्याने प्यायलं होतं. गावातल्या मोठ्यांसोबतच त्यालाही पुरलं होतं.

इ.स.पू. 2400 च्या आसपास चित्र पालटलं. किलार्नीजवळ रॉस आयलंडवर तांब्याची खाण सुरू झाली, घंटेच्या आकाराची मातीची भांडी आली आणि नवे लोक आले. त्यांच्या पूर्वजांतला एक मोठा गट काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या, आजच्या युक्रेन-रशियातल्या गवताळ मैदानांवरच्या पशुपालकांचा. रॅथलिनचे तिघं याच मिश्रणातले. जुन्या शेतकऱ्यांचा वारसा झपाट्याने मागे पडला. तो कशाने, युद्धाने, रोगाने की निव्वळ संख्येने, यावर वाद चालू आहे. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र बहुतेक आयरिश पुरुषांत आजही त्या नव्या लोकांचंच आहे.

इथे मराठी वाचकाने कान टवकारावेत, कारण त्याच गवताळ मैदानांवरच्या लोकांची दुसरी पांगापांग पूर्वेकडे झाली आणि इ.स.पू. 2000 नंतर भारतीय उपखंडात मिसळली. दुधाचंच पाहा. लहानपण सरलं की बहुतेक सस्तन प्राण्यांना दुधातली साखर पचत नाही. काही माणसांना मोठेपणीही पचते, कारण ती साखर पचवणाऱ्या लॅक्टेज या विकराच्या जनुकाच्या 13,910 अक्षरं आधी ‘सी’च्या जागी ‘टी’ आलेलं असतं. हा बदल रॅथलिनमध्ये सापडला. आज आयर्लंडमध्ये तो जवळपास सगळ्यांत आहे. आणि पुण्या-कोल्हापुरात ज्यांना रात्रीचं पेलाभर दूध सुखाने पचतं, त्यांच्यातही बहुधा नेमका हाच बदल असतो. भारतात वेगळा बदल स्वतंत्रपणे झाला असेल असं वाटत होतं, ते 2012 च्या अभ्यासाने खोटं ठरवलं. आपल्याकडे त्याचं प्रमाण वायव्येला जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे उतरत जातं, एवढाच फरक.

दुधाने आयरिश संस्कृती किती व्यापली होती ते तिथल्या दलदली सांगतात. पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साठलेल्या या दलदलीत आम्ल असतं, प्राणवायू नसतो, थंडी असते, त्यामुळे पुरलेली वस्तू कुजत नाही. सरपणासाठी पीट कापणाऱ्यांना शेकडो वर्षं लोण्याचे गोळे सापडत आले आहेत, लाकडी भांड्यांत किंवा सालीत गुंडाळलेले. त्यातले सर्वांत जुने साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे, आणि ते खरोखर दुधाचंच लोणी आहे हे 2019 मध्ये रासायनिक तपासणीत सिद्ध झालं. टिकवण्यासाठी पुरलं की देवाला वाहिलं, यावर तिथले अभ्यासक अजून भांडतात. पुढे लेखी इतिहास सुरू झाला तेव्हाही किंमत गाईंतच मोजली जायची, आणि आयर्लंडचं सर्वांत गाजलेलं प्राचीन वीरकाव्य एका बैलाच्या लुटीवरच उभं आहे. गोधन म्हटलं की आपल्याला समजावून सांगायला नको.

रॅथलिनच्या हाडांत एका दुखण्याचं बीजही होतं. ‘सी282वाय’ हा जनुकातला बदल आई आणि बाप दोघांकडून आला तर शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषतं. ते यकृतात, हृदयात, सांध्यांत साठत जातं. आयर्लंडमध्ये दर 83 माणसांमागे एकात ही जोडी असते, जगात इतकं प्रमाण दुसरीकडे नाही. उपचार अगदी जुन्या काळातला वाटावा असा, ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकायचं. या रोगाला ‘केल्टिक शाप’ म्हणतात, पण तोही केल्टांच्या आधीच बेटावर पोचला होता!

मग केल्ट गेले कुठे? ग्रीक-रोमन लेखकांनी ‘केल्ट’ हे नाव युरोपच्या मुख्य भूमीवरच्या टोळ्यांना दिलं होतं, आयर्लंडच्या लोकांना नाही. एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानाने 1707 मध्ये आयरिश, वेल्श, ब्रेटन वगैरे भाषा एका कुळातल्या असल्याचं मांडलं. त्या कुळाला केल्टिक हे नाव चिकटलं, आणि भाषेवरून ते अलगद माणसांवर उतरलं. इंग्रजांपेक्षा आपण निराळे, हे सांगायला आयरिश राष्ट्रवादाला ते सोयीचं होतं. या भाषाकुळाचा मोठा अभ्यासक व्हिटली स्टोक्स डब्लिनचा, पण नोकरीने भारताच्या व्हाइसरॉयच्या मंडळातला कायदा सदस्य. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा त्याच्या हाताखालून गेलेला, आणि फावल्या वेळात गृहस्थ जुन्या आयरिश पोथ्या संपादित करायचा. आपल्या फ्लॅटच्या कागदपत्रांचं आयर्लंडशी असलेलं हे नातं सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आयरिश ही केल्टिक भाषा आहे यात शंका नाही. ती तांब्याच्या काळातल्या त्या लोंढ्याबरोबर आली की नंतर व्यापाऱ्या-कारागिरांच्या तोंडून पसरली, हे हाडं सांगू शकत नाहीत. हाडांना जीभ नसते.

व्हायकिंगांचं थोडक्यात: डब्लिन त्यांनी 841 मध्ये वसवायला घेतलं, आणि 2017 च्या एका अभ्यासात आजच्या आयरिश लोकांत नॉर्वेकडचा अंश अपेक्षेपेक्षा जास्त निघाला.

रक्त आणि संस्कृती यांची फारकत सर्वांत स्पष्ट दिसते ती ट्रॅव्हलर समाजात. हे आयर्लंडचे फिरस्ते: पूर्वी कल्हई आणि पत्र्याची भांडी, घोड्यांचा व्यापार, गाड्यांवरचे संसार, स्वतःची शेल्टा नावाची बोली, लग्नं समाजातच. प्रजासत्ताकात त्यांची संख्या सुमारे 33 हजार. बाकीच्यांना वाटायचं की हे मूळचे भारतातून गेलेल्या रोमा लोकांपैकी, किंवा 1845 ते 1852 च्या बटाट्याच्या दुष्काळात जमीनदारांनी हुसकलेली कुटुंबं रस्त्यावर आली ती ही. त्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली आणि तितक्याहून जास्त देश सोडून गेली, तेव्हा दुसरा तर्क वरवर पटण्यासारखा होता. फेब्रुवारी 2017 मध्ये डीएनएने दोन्ही समज मोडीत काढले. रोमांशी नातं नाही, वंशाने ते आयरिशच. पण इतर आयरिशांपासून ते किमान आठ पिढ्यांपूर्वी, बहुधा सतराव्या शतकाच्या मध्याला वेगळे झाले, म्हणजे दुष्काळाच्या बऱ्याच आधी.

यानंतर महिनाभरातच, 1 मार्च 2017 ला, पंतप्रधान एंडा केनी यांनी डब्लिनच्या संसदेत ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता जाहीर केली. समाजाची ही मागणी कित्येक दशकांची होती आणि तिचा आधार जनुकं नव्हता, वेगळा इतिहास, बोली आणि चालीरीती हा होता. या मान्यतेतून कायद्याने नवा हक्क किंवा पैसा काहीही मिळणार नाही, हेही केनींनी त्याच भाषणात सांगून टाकलं. प्रेक्षक सज्जात बसलेल्या ट्रॅव्हलरांनी तरीही टाळ्यांचा कडकडाट केला.