बहुभाषिक वर्गातील इंग्रजी अध्यापन

निरनिराळ्या मातृभाषांची मुले एकत्र बसतात अशा वर्गात इंग्रजी शिकविताना त्या भाषांचा वापर कितपत व कसा करावा, याविषयीचा विचार आणि त्यातून निघालेल्या पद्धती. भारतात असा वर्ग अपवादात्मक नाही. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. तरीही त्यांतील हिंदी माध्यमाच्या वर्गात घरी भोजपुरी किंवा अवधी बोलणारी मुले असतातच. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी व माडिया आणि नंदुरबारकडील भिली व पावरी भाषक मुलांना शाळेत भेटणारी पहिली परकी भाषा मराठी असते. इंग्रजी तिच्या पाठोपाठ येते.

या विचाराचा उगम कोठे मानावा, याबद्दल मतभेद आहेत. तो मुंबई इलाख्यातील माध्यमवादापर्यंत मागे नेण्याचा प्रघात आहे. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी उच्च शिक्षणासाठी इंग्रजीचा आग्रह धरीत होते. कर्नल जॉर्ज जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू घेतली. साधारणपणे १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा वाद शिगेला पोहोचला. तथापि तो ज्ञान कोणत्या भाषेतून द्यावे याबद्दलचा होता; इंग्रजी ही भाषा कशी शिकवावी हा प्रश्न त्यात दुय्यमच राहिला. त्या दृष्टीने ढाक्यात काम करणारे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांचे १९२६ चे द्विभाषिकतेवरील विवेचन अधिक जवळचे वाटते. बंगाली मुलाला इंग्रजीची गरज प्रामुख्याने वाचनासाठी आहे, असे धरून त्यांनी वाचनाला अग्रक्रम दिला. शिकणाऱ्याची भाषिक परिस्थिती पाहून अध्यापनाचे उद्दिष्ट ठरविण्याचा हा आरंभीचा ठळक प्रयत्न होय.

दुसरा प्रवाह वेल्समधून आला. सी. जे. डॉडसन यांनी १९६७ मध्ये द्विभाषी पद्धत मांडली. तीत शिक्षक चित्र दाखवून ‘द बॉय इज क्लाइंबिंग द ट्री’ असे म्हणतो, लगेच ‘मुलगा झाडावर चढतो आहे’ असा अर्थ सांगतो आणि इंग्रजी वाक्य पुन्हा उच्चारतो. मुले फक्त इंग्रजी वाक्य म्हणतात. अर्थ सुट्या शब्दांचा नव्हे, अख्ख्या वाक्याचा दिला जातो. छापील रूपही सुरुवातीपासून डोळ्यांसमोर असते. जुन्या भाषांतर पद्धतीशी तिची गल्लत केली जाते ती योग्य नाही, कारण येथे मुलांकडून भाषांतर करवून घेतले जात नाही आणि मातृभाषेचा आधार हळूहळू काढून घेतला जातो. एका भाषेत वाचून दुसरीत लिहिण्याच्या वर्गपद्धतीला वेल्श शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये वेल्श भाषेत जी संज्ञा दिली, तिच्यावरून ‘ट्रान्सलँग्वेजिंग’ ही आज रूढ झालेली संज्ञा आली.

डॉडसन यांच्या पद्धतीत वर्गाची एकच सामाईक मातृभाषा गृहीत धरलेली आहे. मेळघाटातील धारणीच्या वर्गात शिक्षकाने सांगितलेला मराठी अर्थ कोरकू मुलाच्या दृष्टीने दुसरे कोडे ठरतो. म्हणूनच भाषावैज्ञानिक रमाकांत अग्निहोत्री यांनी पुरस्कारलेली दृष्टी भारतीय वर्गाला अधिक लागू पडते. वर्गातील सर्व भाषा हीच अभ्यासाची सामग्री, असे ते मानतात. उदाहरणार्थ, अनेकवचन शिकविताना प्रत्येक मुलाकडून त्याच्या भाषेतील रूपे घेऊन ती फळ्यावर मांडता येतात. मराठीत ‘घर–घरे’, पण ‘फूल–फुले’ म्हणताना मूळ शब्दही बदलतो. कोरकूत तर द्विवचनही आहे. नियम मुलांनी शोधायचे आणि मग इंग्रजीकडे वळायचे. शिक्षकाला कोरकू येत नसले तरी हा तास घेता येतो, हे या पद्धतीचे मोठे बळ आहे. चुकाही भाषेगणिक वेगळ्या पडतात. हिंदी पट्ट्यातील मूल ‘इस्कूल’ म्हणते, मराठी मूल सहसा तसे म्हणत नाही. उलट उपपदांची अडचण दोघांनाही सारखीच येते, कारण दोन्ही भाषांत ‘द’सारखे उपपद नाही. सगळ्या वर्गाला एकच उच्चारसराव देण्यात निम्म्या मुलांचा वेळ वाया जातो.

शासकीय पातळीवर १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात त्रिभाषा सूत्र आले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने बहुभाषिकता हे वर्गाचे साधन मानले. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. सेमी-इंग्रजी वर्गात गणित-विज्ञानाचे पुस्तक इंग्रजी, समजावणे मराठीत आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत असा व्यवहार सर्रास चालतो. शिक्षक प्रशिक्षणात मात्र त्याला क्वचितच पद्धतीचा दर्जा मिळतो. २०२२ मध्ये राज्यात पहिलीसाठी मराठी–इंग्रजी द्विभाषिक पाठ्यपुस्तके आणण्याचा निर्णय झाला. मराठी घरातील मुलाला त्यांतली निम्मी भाषा ओळखीची असते. गोंडी किंवा कोरकू घरातील मुलाला दोन्ही नव्या असतात.