महासाथ आणि घनकचरा व्यवस्थापन (नाशिक)

महासाथीच्या काळात शहरातला कचरा कुठे, किती आणि कोणत्या जातीचा निघतो हे बदलते. त्यामुळे संकलन, वर्गीकरण आणि विल्हेवाट या साखळीवर येणारा ताण, आणि तो पेलण्यासाठी करावे लागणारे फेरबदल, यांचा हा विषय आहे. येथे तो २०२०-२१ मधील कोविड-१९ आणि नाशिक शहर यांच्या संदर्भात मांडला आहे.

साथ आणि कचरा यांचे नाते जुने आहे. मुंबई इलाख्यातल्या प्लेगमुळे १८९७ चा साथरोग अधिनियम आला आणि २०२० मध्ये तोच पुन्हा बाहेर काढावा लागला. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आल्यावर शहरांच्या कचऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००० मध्ये घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम झाले. कोविडच्या काळात २०१६ चे घनकचरा व जैववैद्यकीय (रुग्णोपचारातून निघणाऱ्या) कचऱ्याचे नियम आधारभूत होते.

नाशिकची व्यवस्था घंटागाडीवर उभी आहे. १९९० च्या दशकात येथे रुळलेली ही पद्धत पुढे राज्यभर गेली. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक आणि नाशिक रोड या सहा विभागांतला कचरा पाथर्डी शिवारातील खतप्रकल्पावर जातो. तेथे ओल्याचे खत आणि सुक्यातल्या जळाऊ भागाचे इंधन (आरडीएफ) होते. हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला यांपासून वीज करण्याचा प्रकल्पही विल्होळीजवळ उभारण्यात आला. हॉटेले बंद झाली की अशा प्रकल्पाचा कच्चा मालच आटतो.

टाळेबंदीत बाजारपेठा, खानावळी, सातपूर-अंबडचे कारखाने आणि रामकुंडावरची वर्दळ थांबली. देवळे बंद असल्याने निर्माल्यही नव्हते. उलट सगळे कुटुंब घरी, तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक घरचा. म्हणून घराघरांतला ओला कचरा आणि घरपोच मालाची वेष्टने वाढली. एकूण वजनापेक्षा हा जागाबदल महत्त्वाचा. वजनकाट्यावर तर महासाथ जवळजवळ दिसतच नाही. तीन पदरी मास्क साधारण तीन-चार ग्रॅमचा असतो. असे एक लाख मास्क धरले तरी तीन-चार क्विंटलच भरतात. धोका वजनात नसून मिसळण्यात असतो.

ही मिसळ घरातच होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०२० पासून मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या वरचेवर सुधारल्या. बाधिताच्या घरातले मास्क, हातमोजे, टिश्यू पिवळ्या पिशवीत, म्हणजे भट्टीत जाळायच्या संसर्गजन्य कचऱ्याच्या पिशवीत, वेगळे द्यायचे. निरोगी माणसाने वापरलेला मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, कापून, मग सुक्या कचऱ्यात टाकायचा. कागदावर हे चोख आहे. पण सकाळी घंटेचा आवाज आला की माणूस दारामागची बादली उचलून धावत सुटतो. मास्क भाजीच्या देठांत गेलेला असतो आणि गाडी पुढच्या वळणाला पोहोचलेली असते. शिवाय पिवळी पिशवी मागणे म्हणजे घरात आजार असल्याची जाहीर कबुलीच. गल्लीला पत्रे लागतील या धास्तीत असलेले घर ती का मागेल? मार्च-एप्रिल २०२१ मध्ये नाशिक जिल्हा देशातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत होता आणि असंख्य रुग्ण गृहविलगीकरणात होते, म्हणजे हा कचरा रुग्णालयांच्या शिस्तीबाहेरच निघत होता.

रुग्णालये आणि कोविड केंद्रांत अडचण उलटी होती. सुरुवातीला भीतीपोटी पाण्याच्या बाटल्या, उष्टे अन्न, औषधांची खोकी असे सारेच पिवळ्या पिशवीत जाई. ओले अन्न भट्टीचे तापमान खाली ओढते, इंधन जास्त लागते. क्लोरीनयुक्त प्लास्टिक नीट जळले नाही तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. म्हणूनच जुलै २०२० च्या सुधारणेत असा कचरा सामान्य घनकचऱ्यात धरण्यास स्पष्टपणे सांगितले गेले. मंडळाच्या आकडेवारीनुसार जून २०२० पासूनच्या सात महिन्यांत देशात सुमारे ३३,००० टन कोविड जैववैद्यकीय कचरा निघाला. त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, साडेतीन हजार टनांच्या वर होता. त्याचा माग ठेवण्यासाठी मोबाइल ॲपही काढण्यात आले.

सर्वांत कमी नोंद झाली ती कचरावेचकांची. भंगाराची दुकाने बंद झाल्यावर पुठ्ठा, बाटली, पत्रा यांना गिऱ्हाईकच उरले नाही आणि एरवी वाटेतच वेगळा होणारा माल सरळ ढिगाकडे जाऊ लागला. शहराच्या पुनर्चक्रीकरणाचा मोठा भार हे लोक पगाराशिवाय वाहतात, हे त्यांचे हात थांबल्यावर कळते. घंटागाडीवरचे कामगार तरी ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात. हातमोजे आणि बूट मिळाले तरी एप्रिलच्या उन्हात ते अंगावर ठेवून दुपारपर्यंत कचरा उचलणे सोपे नसते. ओल्या बादलीतला मास्क शेवटी त्यांनाच हाताने बाजूला काढावा लागे.

जानेवारी २०२१ पासूनच्या लसीकरणाने मात्र नवा पेच निर्माण केला नाही. सुई लागलीच कापून पांढऱ्या डब्यात, सिरिंजचे प्लास्टिक लाल पिशवीत, असा क्रम परिचारिकांच्या हाताला आधीच्या लसीकरण मोहिमांपासून बसलेला होता.