प्रवेशाच्या मोसमात एआय एजंट : कोणते काम सोपवावे, कोणते नाही
खासगी महाविद्यालयांच्या प्रवेश कक्षासाठी माहितीपत्रक

हे पत्रक अभियांत्रिकी, फार्मसी, पॉलिटेक्निक आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांसाठी आहे. अशा महाविद्यालयांना एआय एजंट उभारून देणे हे आमचे काम. एआय एजंट म्हणजे इथे असा प्रोग्राम, जो तुमच्या चौकशीच्या नोंदी वाचतो, कोणाला काय कळवायचे ते ठरवतो, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनवर स्वतः बोलतो, आलेले उत्तर नोंदवतो आणि गरज पडली की काउन्सेलरकडे सोपवतो. बटणे दाबून ठरलेली उत्तरे देणारा चॅटबॉट वेगळा. त्याच्याकडून चुका कमी होतात, पण कामही थोडेच होते.

आमचा आग्रह पहिल्यापासून एकच आहे. एजंट अडलेले काम मोकळे करण्यासाठी लावा, विद्यार्थी ओढून आणण्यासाठी नको. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१६ मध्ये ‘पाउन्स’ नावाचा मेसेजवर बोलणारा एआय सहायक सुरू केला. प्रवेश नक्की करूनही सुट्टीत गळून जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण त्या वर्षी सुमारे २१ टक्क्यांनी घटले. त्यातला महत्त्वाचा भाग असा की मेसेज सरसकट सगळ्यांना जात नव्हते. ज्याची शैक्षणिक मदतीची कागदपत्रे किंवा गुणपत्रक राहिले असेल, त्याला त्याच बाबतीत विचारले जाई. ‘आमच्याकडेच या’ असे पटवायचे काम त्या यंत्रणेला नव्हते.

आपल्याकडेही गळती तिथेच होते. कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत, जागा मिळते, पण नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. जात वैधता अर्जाची पावती घरी राहते, किंवा रिपोर्टिंगची (मिळालेल्या महाविद्यालयात जाऊन प्रवेश नक्की करण्याची) शेवटची तारीख आजच आहे हे पालकांना संध्याकाळी कळते. प्रमाणपत्र वेळेत सादर झाले नाही की उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि हाती आलेली जागा जाते. अशा मुलाला ‘तुमचे अमुक प्रमाणपत्र बाकी आहे, मुदत अमुक तारखेला सायंकाळी ५ पर्यंत’ एवढे वेळेवर सांगणे, कागद आला की विचारणे थांबवणे, नाही आला तर माणसाला कळवणे हे काम एजंट चोख करतो. वसतिगृहाचा अर्ज, फीचा हप्ता आणि महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज यांचीही आठवण त्याच्याकडे द्यायला हरकत नाही.

नोंदी आधी साफ करा

बहुतेक ठिकाणी पहिला आठवडा यातच जातो, आणि जायलाच हवा. ऑनलाइन अर्ज पुष्कळदा सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात भरला जातो, त्यामुळे नंबर तिथल्या चालकाचा पडतो. एकच नंबर चार-पाच नावांपुढे दिसला की तो बाजूला काढा, नाहीतर एजंट दिवसभर त्या चालकालाच फोन करत बसेल. दोन भावंडांचा एकच नंबर असणे मात्र साहजिक आहे. तिथे नावावरून नोंद वेगळी ठेवा. आडनाव आधी की नाव आधी हे ठरवून घ्या, म्हणजे ‘नमस्कार जाधव’ असा मेसेज जाणार नाही. नंबर विद्यार्थ्याचा की पालकाचा, यासाठी वेगळा रकाना हवाच.

बाजारात मिळणाऱ्या बारावीच्या याद्या आम्ही जोडून देत नाही. त्या मुलांनी तुम्हाला संमती दिलेली नसते. फोन करताच तक्रारी होतात आणि नंबर बंद पडतो.

संमती, वय आणि नोंदणी

बारावी झालेली कितीतरी मुले सतरा वर्षांची असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. तिचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि तिच्या वर्तनाचा माग ठेवणे किंवा तिला उद्देशून जाहिरात करणे याला मनाई आहे. या तरतुदी मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील बरीचशी बंधने १८ महिन्यांनी लागू होतात. म्हणून चौकशीच्या अर्जातच जन्मतारीख घ्या, आणि १८ खालच्या उमेदवाराशी बोलण्याआधी पालकांची संमती मिळवा. कायद्यात शैक्षणिक संस्थांना काही सवलत आहे, पण ती प्रवेशाच्या जाहिरातीपर्यंत ताणता येईल असे आम्ही मानत नाही. संमतीचा मजकूर मराठीत, चार-पाच ओळींत असावा.

एसएमएस आणि फोनसाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे महाविद्यालयाची डीएलटी मंचावर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत, नोंदणी हवी. हेडर (मेसेज कोणाकडून आला ते दाखवणारे नाव) आणि प्रत्येक मेसेजचा साचा तिथे मंजूर करून घ्यावा लागतो. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या मालिकेतूनच करायचे. कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या दहा अंकी सिमवरून केले तर ते सिम बंद होऊ शकते. यंत्र आपोआप फोन लावणार असेल तर टेलिकॉम कंपनीला आधी कळवावे लागते.

व्हॉट्सअ‍ॅपवर समोरच्याचा मेसेज आल्यापासून २४ तास मोकळेपणी उत्तर देता येते. त्यानंतर फक्त टेम्प्लेट, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेला साचा, पाठवता येतो. नव्या, पडताळणी न झालेल्या खात्यावरून सुरुवातीला २४ तासांत २५० वेगवेगळ्या नंबरांनाच टेम्प्लेट जातो. ही पडताळणी निकालाच्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही, मार्चमध्येच उरकून घ्या. शिवाय ‘कागद बाकी आहे’ या मेसेजात ‘आमच्या प्लेसमेंटबद्दल वाचा’ अशी ओळ घुसवली की तो जाहिरात वर्गात जातो, महाग पडतो आणि लोक ब्लॉक करू लागतात. एका मेसेजात एकच काम ठेवा.

एजंटने काय सांगावे

खरा धोका इथे आहे. एजंटच्या मुळाशी असलेल्या भाषा-प्रारूपाला (लँग्वेज मॉडेलला) उत्तर ठाऊक नसले तरी ते ठाम सुरात काहीतरी सांगून मोकळे होते. त्यामुळे फी, जागा, कट-ऑफ आणि मुदती यांची उत्तरे आम्ही माहितीपुस्तिकेच्या पीडीएफमधून काढू देत नाही. त्यासाठी वेगळा तक्ता करतो. त्यात शाखा, प्रवर्ग, रक्कम, शैक्षणिक वर्ष आणि ‘शेवटची तपासणी केव्हा, कोणी केली’ हे रकाने असतात. तक्त्यात नोंद नसेल तर एजंटने ‘हे मी विचारून कळवतो’ असे म्हणून प्रश्न पुढे द्यायचा. प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाचे वेळापत्रक बदलते तेव्हा तक्ता त्याच दिवशी बदलणारी एक व्यक्ती तुमच्याकडे नेमलेली हवी. ती नसेल तर एजंट सुरू करू नये.

उदाहरण घ्या. ‘मुलींना फी माफ आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार इमाव (इतर मागास वर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण मिळते, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला तरच. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ते लागू नाही, आणि वसतिगृहाचा खर्च त्यात धरलेला नाही. एजंट नुसता ‘हो’ म्हणाला तर एखादे कुटुंब त्या शब्दावर वर्षाचा हिशेब मांडते. म्हणून आधी प्रवर्ग, उत्पन्न आणि प्रवेशाचा मार्ग हे तीन प्रश्न, मगच उत्तर.

कट-ऑफचेही तसेच. कट-ऑफच्या यादीत जागेच्या प्रकाराला कोड असतो. कोडच्या शेवटी एच असेल तर गृह विद्यापीठाच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या उमेदवारांच्या जागा, ओ असेल तर बाहेरच्यांच्या. दोन्हींचे पर्सेंटाइल वेगळे असते, आणि सुरुवातीचा एल मुलींच्या राखीव जागा दाखवतो. एजंटने गेल्या वर्षीचा आकडा वर्ष आणि राउंडसकट सांगावा. ‘तुम्हाला मिळेल’ हे वाक्य त्याच्या तोंडी कधीही येऊ नये.

मराठीत फोनवर बोलताना

फोनचा आवाज अरुंद पट्टीतला असतो, त्यात मागे एसटी स्टँडचा गोंगाट. यंत्र सर्वांत जास्त चुकते ते आकड्यांत. सत्त्याऐंशी आणि सत्त्याण्णव, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांची अदलाबदल होते. ‘पावणेदोन लाख’ हे काही प्रणाली दोन लाख समजतात. त्यामुळे ऐकलेला प्रत्येक आकडा एजंटने सुट्या अंकांत परत वाचून ‘बरोबर?’ असे विचारावे. बोलायच्या तक्त्यात रक्कम अक्षरी लिहा, ‘सव्वा लाख रुपये’ अशी. अंकांत लिहिलेली रक्कम यंत्र काहीच्या काही वाचते.

नावावरून स्त्री-पुरुष ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. स्नेहल, किरण, शीतल ही नावे दोघांचीही असतात. ‘तुम्ही रिपोर्टिंगला आला होता का’ याऐवजी ‘तुमचं रिपोर्टिंग झालं का’ असे वाक्य घेतले की प्रश्नच उरत नाही. पालकांशी बोलताना ‘काका’ किंवा ‘मावशी’ असे यंत्राने म्हणू नये, ‘नमस्कार’ पुरेसा आहे.

पहिल्याच वाक्यात महाविद्यालयाचे नाव, ‘मी संगणकीय सहायक बोलत आहे’ आणि संभाषण रेकॉर्ड होत असल्याची कल्पना द्यावी. फोन दीड मिनिटात संपावा, एका कामासाठी तीनच प्रयत्न व्हावेत, दोन प्रयत्नांत किमान एक दिवस जावा आणि वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७ असावी. ही आमची ठरलेली मांडणी आहे, त्याहून जास्त आम्ही ठेवत नाही.

माणसाकडे केव्हा द्यायचे

‘माणसाशी बोलायचंय’ असे कोणी म्हटले की लगेच. एजंटला दोनदा समजले नाही, फी परताव्याची किंवा रॅगिंगची तक्रार आली, प्रमाणपत्र नाकारले गेले, तरीही लगेच. निकालाच्या दिवसांत एखादे मूल निराशेचे बोलले तर एजंटने प्रवेशाचा विषय तिथेच सोडावा, ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा आणि काउन्सेलरला त्या क्षणी कळवावे. हा मार्ग आम्ही प्रत्येक महाविद्यालयात स्वतः फोन करून तपासतो. काउन्सेलर कामावर नसलेल्या वेळेत आम्ही फोन बंद ठेवतो.

सुरुवात

उभारणीला साधारण चार आठवडे लागतात. पहिला नोंदी साफ करण्यात, दुसरा तक्ता आणि टेम्प्लेट तयार करण्यात, तिसरा चाचणीत. चाचणीसाठी तुमच्याच प्रवेश कक्षाला गेल्या मोसमात आलेले १५० प्रश्न घ्या. फी आणि मुदतीच्या प्रश्नांत एकही चूक निघाली तर पुढे जायचे नाही. चौथ्या आठवड्यात एकाच शाखेच्या ५० उमेदवारांपासून आरंभ करायचा आणि रोज २० संभाषणे माणसाने ऐकायची. यश मोजताना किती फोन लागले ते पाहू नका. किती जणांचे बाकी कागद मुदतीत आले, किती जणांनी ‘पुन्हा संपर्क नको’ म्हटले आणि सोपवलेल्या प्रश्नांना तुमच्या माणसाने किती वेळात उत्तर दिले, हे तीन आकडे दर सोमवारी बघा.

पहिल्या भेटीला येताना गेल्या वर्षीची चौकशी नोंदवही, शुल्क नियामक प्राधिकरणाचा मंजुरी आदेश, संमतीचा सध्याचा मजकूर आणि तक्ता सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव आणावे.