रिंग की केज: जाळीला पाठ टेकली की फाइटचं गणित का बदलतं

एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालतं ती फाइट) पहिल्यांदाच बघणाऱ्याला सगळ्यात आधी खटकतो तो पिंजरा, म्हणजेच केज. दोन माणसं जाळीत कोंडून एकमेकांना मारतायत म्हटल्यावर ते रानटीच वाटणार. अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅककेन यांनी १९९६ साली या खेळाला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि पन्नासच्या पन्नास राज्यांच्या गव्हर्नरांना बंदी घाला म्हणून पत्रं पाठवली, आणि माझं स्पष्ट मत आहे की या रागात त्या पिंजऱ्याच्या दिसण्याचा वाटा मोठा होता. त्यामानानं दोऱ्यांची रिंग सभ्य वाटते कारण बॉक्सिंगमुळं डोळ्यांना तिची सवय झालीय. पण दिसण्याचं सोडा. रिंग आणि केज या दोन्हींत शरीरावर पडणारे जोर वेगळे, कोन वेगळे, घर्षण वेगळं, आणि म्हणून तेच दोन फायटर तेच डावपेच घेऊन उतरले तरी फाइट वेगळी होऊ शकते.

थोडा इतिहास सांगतो. एमएमएच्या फाइट्स भरवणारी अमेरिकन कंपनी यूएफसी, तिची पहिली स्पर्धा नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हरला झाली ती अष्टकोनी केजमध्ये. त्यामागं ब्राझीलचं जुजुत्सूवालं ग्रेसी घराणं होतं आणि तिथल्या वाले तुदोचा, म्हणजे जवळपास बिननियमांच्या फाइट्सचा, त्यांना चांगला अनुभव होता, तिथं रिंगमध्ये दोघं जमिनीवर गेले की लोळत लोळत दोऱ्यांखालून बाहेर निघायचे. म्हणून जाळी. जपानची प्राइड ही एमएमए स्पर्धा मात्र १९९७ ला टोकियो डोममध्ये सुरू झाली ती रिंगमध्येच, कारण तिथल्या प्रेक्षकाला प्रो रेसलिंग आणि किकबॉक्सिंगमुळं रिंगच ओळखीची. आजही जपानच्या रिझिन या स्पर्धेची ओळख रिंगच आहे, आणि आशियातल्या वन चॅम्पियनशिप या स्पर्धेनं दोन्ही वापरलंय. अमेरिकेत २००१ च्या आसपास जे युनिफाइड, म्हणजे सगळीकडं एकसारखे नियम आले त्यातही दोन्हींना परवानगी आहे.

आता आकाराचं बघू, कारण लोक केज विरुद्ध रिंग असा वाद घालतात तेव्हा निम्मा फरक मापाचाच असतो आणि ते कुणी बोलत नाही. यूएफसीचा मोठा ऑक्टॅगन (अष्टकोनी केज) समोरासमोरच्या बाजूंमध्ये ३० फूट, म्हणजे साधारण ७४६ चौरस फूट. लास वेगासच्या एपेक्स या यूएफसीच्या हॉलमध्ये वापरतात तो छोटा २५ फुटी, त्याचं क्षेत्रफळ येतं जवळपास ५१८. आणि २० फुटांची चौकोनी रिंग घेतली तर फक्त ४००. आता कडेपासून तीन फुटांच्या आतला पट्टा धरा, जिथं मागं सरकायला जागाच उरत नाही. रिंगमध्ये हा पट्टा एकूण जागेच्या ५१ टक्के होतो, छोट्या ऑक्टॅगनमध्ये ४२ आणि मोठ्यात ३६ टक्के. म्हणजे रिंगमध्ये निम्म्याहून जास्त जागा ही 'कडच' आहे! २०२० मध्ये कोरोनामुळं यूएफसीच्या बऱ्याच फाइट्स छोट्या ऑक्टॅगनमध्ये झाल्या, तेव्हा पळत पळत लांबून मारणाऱ्यांची जागा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाली होती, आणि असल्या फाइट्सचे निकाल मोठ्या केजमधल्या निकालांसोबत एकाच तक्त्यात टाकून तुलना करणं मला तरी बरोबर वाटत नाही.

कोपऱ्याचा कोनही महत्त्वाचा. चौकोनात तो ९० अंशांचा, अष्टकोनात १३५ चा. ९० च्या कोपऱ्यात अडकलेल्याला डावीकडं उजवीकडं दोन्हीकडं दोऱ्या आणि समोर माणूस, तिथून निसटायचं तर त्याच्या हाताखालूनच जावं लागतं. १३५ मध्ये कडेकडेनं सरकत जायला वाट राहते. म्हणून चांगला स्ट्रायकर (ठोसे-लाथांवर लढणारा) रिंगमध्ये समोरच्याला कोपऱ्यात कोंडून मारू शकतो, केजमध्ये त्याला तेच करायला खूप जास्त पाय हलवावे लागतात.

पण खरी मजा कुस्तीची आहे. आपल्याकडं ज्याला दुहेरी पट काढणं म्हणतात, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडणं, तो डाव घ्या. समजा ७० किलोचा फायटर उभा आहे, त्याचा मागचा पाय गुरुत्वमध्यापासून ३० सेंटीमीटर मागं आहे आणि समोरचा कमरेच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर ढकलतोय. उघड्या जागेत त्याचा तोल जायला किती जोर पुरे? ७० गुणिले ०.३, म्हणजे फक्त २१ किलोइतका. जोराचा धक्का आला की माणूस गेलाच, म्हणून तो पाय मागं फेकून छाती आणि कंबर समोरच्याच्या पाठीवर टाकतो, त्यालाच स्प्रॉल म्हणतात. आता हाच माणूस जाळीला पाठ लावून उभा करा. पुढून जेवढा जोर तेवढाच जोर मागून जाळी देते, तोल जायचा प्रश्नच मिटतो. मुंबईच्या लोकलमध्ये डब्याच्या भिंतीला पाठ टेकून उभा असलेला माणूस गर्दीच्या धक्क्यानं पडत नाही ना, तसंच.

त्याच्याही पुढची गोष्ट घर्षणाची. समोरचा जितका जोरात ढकलेल तितकी पाठ जाळीवर जास्त दाबली जाते, आणि जितका दाब जास्त तितकं घर्षण जास्त, म्हणजे ढकलणारा स्वतःच समोरच्याला जाळीवर चिकटवतोय! म्हणून जाणता कुस्तीगीर तिथं नुसतं ढकलत बसत नाही. तो गुडघ्यांमागं हात गुंफतो, ढकलणं थांबवून पाय स्वतःकडं ओढतो किंवा कंबर जाळीपासून सोडवून बाजूला वळवतो, कारण पाठ सुटली की घर्षण संपलं. पण जाळीची दुसरी बाजूही आहे, मागं जाळी असल्यावर पाय मागं फेकायला जागा नाही, म्हणजे स्प्रॉल बंद. जाळी एक बचाव देते आणि एक काढून घेते.

दोरी यातलं काहीच धड करत नाही. ती ताणली जाते, मागं जाते, त्यामुळं पाठीला पक्का आधार मिळत नाही, आणि दोन दोऱ्यांमधल्या फटीतून कंबर किंवा खांदा बाहेर जातो. मग रेफ्री थांबवतो. प्राइडमध्ये तर दोघं दोऱ्यांत अडकले की रेफ्री 'हलू नका' म्हणायचा आणि दोघांना मध्यभागी आणून त्याच पोझिशनमध्ये परत बसवायचा. आता खरं सांगा, कमरेचा कोन, पकडीचा घट्टपणा, कुणाचं वजन कुठं आहे हे सगळं जसंच्या तसं परत बसवणं कुठल्या रेफ्रीला शक्य आहे? पाच सेकंदांची विश्रांती मिळाली तरी खालच्या माणसाचा श्वास सावरतो. रिंगच्या विरोधात माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. बॉक्सिंगला दोरी छान चालते, अलीनं १९७४ ला किन्शासामध्ये फोरमनचे ठोसे दोऱ्यांवर रेलूनच झेलले, कारण दोरी मागं जाते तेव्हा ठोशाचा जोर जास्त वेळात पसरतो आणि धक्का कमी बसतो. पण त्या खेळात जमिनीवरची झटापट नाही.

जमिनीवर गेल्यावर जाळी परत दोघांच्या कामाला येते. खालचा फायटर सरकत सरकत जाळीपाशी जातो, पाठ टेकवून बसतो आणि पायांनी रेटत वर चढतो, याला वॉल वॉक म्हणतात. उघड्या मॅटवर उठायला एक हात जमिनीवर टेकावा लागतो आणि तो हात पकडला जायची भीती असते, इथं ते काम जाळी करते, हात मोकळे. पण हीच जाळी खबीब नूरमागोमेदोवसारख्या कुस्तीत तरबेज फायटरच्या हाती लागली की उलटते. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॉनर मॅकग्रेगरविरुद्ध पहिल्याच राउंडला त्यानं समोरच्याला जाळीशी नेऊन स्वतःच्या पायांनी त्याचे पाय बांधून टाकले. मागं जाळी, खाली अडकलेले पाय, कंबर कुठंच हलवता येत नाही. चौथ्या राउंडला मॅकग्रेगरनं टॅप केलं, म्हणजे हाताने थापटून हार मानली.

बोटांबद्दल मात्र मी फार कडक आहे. जाळीत बोटं अडकवणं नियमानं फाउल आहे, कारण घर्षणाच्या जागी थेट पकड आली की पट काढणाऱ्याची सगळी मेहनत वाया. जानेवारी २०१२ मध्ये रिओला चॅड मेंडेसनं मागून मिठी मारून उचलायला घेतलं तेव्हा जोसे आल्डोनं जाळी धरली, रेफ्रीनं फक्त समज दिली, आणि थोड्याच वेळात राउंड संपायला एक सेकंद उरला असताना आल्डोचा गुडघा लागून मेंडेस नॉकआउट झाला. आल्डो ग्रेट फायटर आहे, पण त्या एका पकडीची किंमत त्याला मोजावी लागली नाही हे मला आजही पटत नाही. अर्थात रिंगमध्येही हे होतंच, १९९५ ला बुडोकानमध्ये रिक्सन ग्रेसीसमोर यामामोतो दोरी धरून किती तरी वेळ उभा राहिला होता.

जाळीची उंची साधारण साडेपाच फूट असते आणि तीही वापरली गेलीय. नोव्हेंबर २००१ मध्ये कार्लोस न्यूटननं मॅट ह्यूजला ट्रँगल चोकमध्ये (पायांनी मान आवळायच्या पकडीत) अडकवलं, ह्यूजनं त्याला तसाच उचलून जाळीच्या वरच्या कडेपर्यंत नेलं आणि तिथून दोघं खाली आले. दीड मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला लागताना ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगानं लागते, आणि इथं वरून ह्यूजचं वजनही होतं. न्यूटन बेशुद्ध, ह्यूज स्वतःही चोकमुळं अर्धवट शुद्धीत, आणि चॅम्पियनचा बेल्ट ह्यूजला. डिसेंबर २०१० मध्ये अँथनी पेटिसनं तर जाळीवरच पाय रोवून उसळी घेतली आणि हवेतून बेन हेंडरसनच्या तोंडावर किक मारली. ताणलेल्या दोरीवर पाय देऊन हे करायला गेलात तर जोर दोरीच खाऊन टाकेल.

पुढच्या वेळी कुणी जाळीला लागला की त्याच्या हातांकडं बघू नका, सगळे तिकडंच बघतात. कंबर बघा. कंबर जाळीला चिकटलेली आहे आणि पाय फाकलेले आहेत तोवर तो सहसा पडत नाही. कंबर सुटून पुढं आली, दोन्ही पाय जवळ आले की पुढच्या दोन-तीन सेकंदांत टेकडाउन येतोय, म्हणजे तो जमिनीवर पाडला जातोय, असं समजा.