तोहो हे ॲनिमे नाही, आधी खेळ आहे

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात वेचणीची पोती रचली की संध्याकाळी ओट्यावर पोरांचे मोबाईल निघतात. परवा पुतण्या म्हणाला, “काका, तोहो ॲनिमे (म्हणजे जपानी कार्टून) कुठून पाहायला सुरुवात करू?” हा गैरसमज जुना आहे, म्हणून नीट सांगतो.

तोहो ही शत्रूच्या गोळ्या चुकवत खेळायच्या जपानी संगणक-खेळांची मालिका आहे. झुन या टोपणनावाने काम करणाऱ्या एका माणसाने ती उभी केली. 2002 सालच्या सहाव्या खेळात प्रोग्रॅम, चित्रं, संगीत सगळं त्याचंच. युट्यूबवर दिसणारे ॲनिमेसारखे भाग चाहत्यांनी बनवलेले आहेत. ते चोरीचेही नाहीत, कारण झुनने काही अटी घालून अशा निर्मितीला मोकळीक दिली आहे. मला या मालिकेचं हेच सगळ्यात आवडतं.

‘बॅड ॲपल’ या गाण्याचं उदाहरण घ्या. मूळ धून 1998 च्या खेळातली, बिनाशब्दांची. 2007 साली चाहत्यांच्या एका गटाने तिला नवा साज आणि शब्द दिले. काळ्या-पांढऱ्या सावल्यांचा तो प्रसिद्ध व्हिडिओ आला 2009 साली, तोही चाहत्यांचाच.

पहिल्यापासून क्रमाने खेळायची गरज नाही. सातव्यापासून सुरू करा, सोपी पातळी निवडा. पडदाभर गोळ्या आल्या की कीबोर्डवरचं शिफ्ट बटण दाबून धरा: पात्र हळू सरकतं आणि त्याच्या अंगावर बारीकसा ठिपका दिसतो. गोळी त्या ठिपक्याला लागली तरच जीव जातो, केसांना-कपड्यांना घासून गेली तर उलट गुण मिळतात. पुतण्याला हे कळलं आणि तो पहिल्यांदा दुसऱ्या टप्प्यात पोचला.