पार्श्वभूमी : दिव्याची शेड आणि ‘पॅरामेट्रिक’चा घोळ

सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या छताची कवचं १९५७ च्या स्पर्धेत नुसती रेखाटलेली होती. ती भूमितीत बसेनात. अखेर १९६१ मध्ये सगळी कवचं सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायचं ठरलं, आणि बरगड्यांसाठी तेच ते साचे पुन्हा वापरता आले. एक आकडा धरायचा, बाकीचं त्यावर बांधायचं : संगणकावर दिव्याची शेड करणाराही हेच करतो.

संगणकावर वक्र आखायचं गणित त्याच सुमारास फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांत तयार झालं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस यंत्रं आखणाऱ्यांच्या हाती मापांवर चालणारं मॉडेल आलं आणि ‘पॅरामेट्रिक’ हा शब्द रुळला. अर्थ साधा : शेडची उंची १८० ची २२० मिमी केली की त्यावर बेतलेली भोकं आपोआप सरकतात. २००८ मध्ये मात्र व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनाच्या वेळी हा शब्द थेट एका शैलीच्या नावात जाऊन बसला. समर्थकांचं म्हणणं, पद्धत बदलली की रूप बदलणारच. असेल, पण पद्धतीचं नाव रूपाला दिल्यावर लाटांसारखं, जाळीदार दिसणारं काहीही पॅरामेट्रिक ठरू लागलं.

याचा भुर्दंड घरगुती वस्तूंना पडला. २००९ मध्ये प्लास्टिकची तार वितळवून थ्रीडी छपाई करण्याचं मूळ पेटंट संपलं, यंत्रं स्वस्त झाली, आणि ‘पॅरामेट्रिक शेड’ म्हणून एसटीएल फायली फिरू लागल्या. एसटीएलमध्ये असतात फक्त त्रिकोण. मापं नाहीत, एककही नाही. बल्बच्या होल्डरचं भोक ४० चं ४२ मिमी करायला अख्खी शेड ५ टक्के फुगवली, तर १८० ची उंचीही १८९ होते.

इमारतीवरून शेड करायला ती लहान करतानाही सगळंच एका मापाने बदलण्याची हीच चूक होते. ७५ मीटरची त्रिज्या १:५०० ने १५० मिमी, छान. पण १०० मिमी जाडीचं काँक्रीट ०.२ मिमी उरतं, छपाई यंत्राच्या ०.४ मिमी तोंडाची, म्हणजे नोझलची, एक रेघही त्यात मावत नाही. म्हणून आकार इमारतीचा घ्यावा, जाडी वेगळी ठरवावी : १.२ मिमी, म्हणजे तीन रेघा. जाडी आतल्या बाजूला देताना बाहेरच्या वळणाची त्रिज्या या जाडीपेक्षा कमी असेल तर आतला पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो आणि भरीव आकार पोकळ करणारी ‘शेल’ आज्ञा फसते. उभ्या रेषेपासून ४५ अंशांपलीकडे झुकलेला भाग आधाराविना लोंबतो. काँक्रीटला निदान आवळेपर्यंत खालून फर्मा असतो. पीएलए हे छपाईचं प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, तेव्हा बल्ब कमी वॅटचा एलईडीच.

कडांची गोलाई, म्हणजे फिलेट, सगळ्यात शेवटी द्यावी. फिलेटच्या कडेवर पुढचं स्केच बांधलं आणि नंतर तीच फिलेट काढली, तर पायऱ्यांच्या यादीत त्याखालचं सगळं मॉडेल लाल होतं, म्हणजे चूक दाखवतं.